पाणीदादाची ओंजळ

रविवार होता. मैदानावर पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या संपल्या, सतरंज्या संपल्या, मग लोक कुंपणाच्या भिंतीवर चढून बसले. ज्यांना तिथूनही दिसेना, ते समोर चाललेला कार्यक्रम हातातल्या फोनवर बघत होते. व्यासपीठावर पांढराशुभ्र ट्रॅकसूट घातलेला एक तिशीतला तरुण उभा होता. परवापरवापर्यंत हा मोबाइलची कव्हरं विकायचा. मग त्याचा एक व्हिडिओ गाजला, आणि आता त्याला सगळे पाणीदादा म्हणत होते.

"साखर कुठे असते?" त्याने माइकमध्ये विचारलं.

"रक्तात!" मैदान ओरडलं.

"चूक! साखर असते आठवणीत! अरे, तुम्ही निम्म्याहून जास्त पाणीच आहात. ते पाणी घाबरलंय. डॉक्टरांनी घाबरवलंय त्याला! मी फक्त एवढंच सांगतो, बाबा रे, घाबरू नकोस. की गेली साखर!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. पाण्याला उकळताना पाहिलंय, गोठताना पाहिलंय, आटतानाही पाहिलंय. घाबरताना कधी पाहिलं नव्हतं. पण हे सांगायचं कुणाला? शेजारी माझी वहिनी हात जोडून उभी होती आणि तिच्या डोळ्यांना धार लागली होती.

रांगेतून एक म्हातारा ट्रकड्रायव्हर वर आला. पाणीदादाच्या माणसाने त्याचे दोन्ही हात एका सुगंधी ओल्या रुमालाने पुसले. "आधी शुद्धी, मग सिद्धी!" असं तो दरवेळी म्हणे, आणि लोक दरवेळी हसून दाद देत. मग बोटाला सुई टोचली, साखर मोजायच्या मशीनच्या पट्टीला रक्ताचा थेंब लावला. मोठ्या पडद्यावर आकडा झळकला, चारशेच्याही वर. मैदान हळहळलं. मग पाणीदादाने काचेच्या घंगाळात आपली ओंजळ बुडवली, डोळे मिटून पुटपुटला, म्हाताऱ्याचे हात त्या पाण्यात चोळचोळून धुतले, कोरड्या टॉवेलने पुसले. पुन्हा सुई, पुन्हा थेंब. एकशे चाळीस.

असा गलका उठला की भिंतीवरची कबुतरं उडाली.

आणि पुढचा नंबर भिंगरीचा होता.

भिंगरी माझ्या भावाची मुलगी. वय नऊ. घरात एका जागी कधी बसायची नाही म्हणून लहानपणी पडलेलं हे नाव. पहिलीत असताना ती अचानक सुकत गेली, घोटाघोटाने घागरभर पाणी प्यायला लागली, आणि एक दिवस शाळेत बेशुद्ध पडली. तिच्या शरीरात इन्सुलिन बनतच नाही. म्हाताऱ्यांचा मधुमेह पथ्याने, गोळ्यांनी आटोक्यात राहू शकतो. हिचा तसा नाही. हिला इन्सुलिन बाहेरूनच टोचावं लागतं, रोज, जेवणाआधी, जन्मभर. नाही टोचलं तर मूल वाचत नाही. इतकं ते सरळ आहे.

हे सरळ गणित आमच्या घराला शिकवलं ते वस्तीतल्या दवाखान्याच्या सिस्टरनी. वहिनी तयार कपड्यांच्या कारखान्यात मशीनवर बसते. सुईची तिला कसली भीती! पण पोटच्या पोरीला सुई टोचायची वेळ आली तेव्हा ती सुई उचलून पुन्हा पुन्हा खाली ठेवायची. सिस्टर कामावरून सुटल्या की आमचे जिने चढून यायच्या. संत्र्यात सुई खुपसून शिकवायच्या. "संत्रं ओरडतं का? नाही ना? मग हीसुद्धा नाही ओरडणार. आधी हात धू, मग तिचे धू, मग सुई." भिंगरीला त्यांनी स्वतःच्या पोटावर रिकामी सुई टोचून दाखवली होती. चेहरा मात्र नेहमी त्रासलेला. गोड बोलणं त्यांना जमायचंच नाही. गोळ्या चुकवणाऱ्या मोठमोठ्या माणसांना त्या भर रांगेत झाडायच्या. त्यांच्यासोबत कुणी कधी फोटो काढला असेल असं वाटत नाही.

पाणीदादासोबत फोटो काढायला मात्र वेगळी रांग होती.

भिंगरी व्यासपीठावर गेली. रुमालाने तिचे हात पुसताना ती त्या माणसाला काहीतरी म्हणाली. त्याने हसून तिच्या ओठांवर बोट ठेवलं. पहिला आकडा आला, पाचशेला टेकलेला. वहिनीने तोंडावर पदर दाबला. मग ओंजळ, मंत्र, टॉवेल. दुसरा आकडा, एकशे अठरा.

पाणीदादाने तिला उचलून खांद्यावर घेतलं. "आजपासून हिला सुई नाही!" तो ओरडला. "सुई नाही! सुई नाही!" मैदान ओरडलं. आणि माझी भिंगरी त्याच्या खांद्यावर बसून, दोन्ही हात वर करून, सगळ्यांत मोठ्याने ओरडत होती.

घरी आल्यावर मी वहिनीला समोर बसवलं.

"वहिनी, हे खोटं आहे."

"मशीन खोटं बोलतं का?" तिने शांतपणे विचारलं. "आपल्याकडेही तेच मशीन आहे ना? रोज त्याच्या आकड्यावर आपण औषध देतो. मग रोज ते खरं, आणि आजच खोटं?"

मशीन खरं होतं, पट्ट्या सीलबंद डबीतून काढल्या होत्या, रक्तही माझ्या डोळ्यांदेखत काढलेलं. हातचलाखी कुठे झाली ते मला कळत नव्हतं. "पाण्याने साखर उतरत नाही," एवढंच मी पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, आणि ते मलाच पोकळ वाटायला लागलं.

माझा भाऊ लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर कुठल्या ना कुठल्या इमारतीच्या अंधाऱ्या खोबणीत लोंबकळून तो घरी येतो तेव्हा त्याच्यात वाद घालायचं त्राण नसतं. "सुई चालू ठेवा आणि पाणीही प्या," त्याने निकाल दिला. "दोन्ही केलं तर बिघडलं कुठे?"

वहिनीने मान डोलावली. मी तिच्या मानेवर विश्वास ठेवला.

दुसऱ्याच दिवशी भिंगरी मलूल दिसायला लागली. "शाळेत उन्हात खेळली," वहिनी म्हणाली. पुढे ती रात्रीची उठून पाणी प्यायला लागली. "दादांनी भरपूर पाणी प्यायला सांगितलंय," वहिनी म्हणाली. मी मशीन मागितलं तर ते मैत्रिणीकडे दिलंय म्हणाली. मैत्रिणीचं नाव विचारलं तर भांडी आपटायला लागली. मग बुधवारी दुपारी, मी शेवटच्या तासाला फळ्यावर लिहीत असताना, शिपाई धावत आला. "बाई, घरून फोन. ताबडतोब या म्हणतायत."

फोन सिस्टरनी केला होता.

पुढे मला जे कळलं ते असं. सिस्टरनी भिंगरीच्या 'बऱ्या होण्याचा' व्हिडिओ दवाखान्यात एका रोग्याच्या फोनवर पाहिला, तोही मंगळवारी. पाहिल्याबरोबर त्या तशाच उठून आमच्या घरी आल्या. वहिनीने दार अर्धंच उघडलं.

"सुई देतेयस ना?" सिस्टरनी विचारलं.

"आम्हाला आता तुमची गरज नाही."

"मी तुला गरजेचं नाही विचारलं. सुई देतेयस का?"

"तुम्ही जळता त्यांच्यावर!" वहिनी म्हणाली. "इतकी वर्षं तुम्ही माझ्या लेकीला नुसतं टोचलंत. त्यांनी एका मिनिटात बरी केली." आणि तिने दार लावून घेतलं.

दुसरं कुणी असतं तर अपमान गिळून परत फिरलं असतं आणि पुन्हा त्या जिन्याचं तोंड पाहिलं नसतं. सिस्टर बुधवारी पुन्हा आल्या. या वेळी वहिनीने दार उघडलं तेव्हा तिच्या अंगात भांडायचं बळच नव्हतं. आत भिंगरी सकाळपासून उलट्या करत होती. वहिनीने पाणीदादाच्या नंबरवर फोन केला होता, आणि तिथल्या माणसाने सांगितलं होतं, "विष बाहेर पडतंय ताई, चांगलं लक्षण आहे. मशीन अजिबात लावू नका. शंका घेतली की पाणी रुसतं."

सिस्टरना उंबऱ्यातच वास आला. पिकून नासायला लागलेल्या फळासारखा, गोडसर. तो भिंगरीच्या श्वासाचा वास होता. इन्सुलिन मिळालं नाही की शरीर चरबी जाळायला लागतं आणि रक्तात आम्ल साठत जातं. त्याचा हा वास. ज्याने एकदा घेतला तो विसरत नाही.

मी पोहोचले तेव्हा भिंगरी सिस्टरच्या मांडीवर होती. पोर धापा टाकत होती, पार छातीच्या तळातून, एखादं मोठं माणूस जिने चढून आल्यासारखी. डोळे अर्धे उघडे. सिस्टरनी तिचं बोट साबणाने धुवून, पुसून स्वतःजवळचं मशीन लावलं होतं. मशीनवर आकडा नव्हताच. आकड्यांची हद्द ओलांडली की ते नुसतं 'हाय', म्हणजे फार जास्त, एवढंच म्हणतं. तेवढीच दोन इंग्रजी अक्षरं पडद्यावर लुकलुकत होती.

"किती दिवस बंद आहे?" सिस्टरनी विचारलं.

वहिनी जमिनीवर बसली होती. तिने कपाटाच्या खालच्या खणाकडे बोट केलं. तिथे साड्यांच्या घडीखाली मशीन होतं, आणि त्याच्याशेजारी रविवार सकाळनंतर हात न लागलेलं इन्सुलिन टोचायचं पेन.

ॲम्ब्युलन्स बोलावली होती, पण ती येईना. ड्रायव्हरचा फोन आला. "सिस्टर, मुख्य रस्ता बंद केलाय. त्या पाणीदादाची मिरवणूक आहे. मी चौकाच्या पलीकडे अडकलोय. गाडी पुढेही जाईना, मागेही."

"स्ट्रेचर घेऊन पायी या," सिस्टर म्हणाल्या. "आम्ही इकडून निघतो."

भिंगरीला सिस्टरनी खांद्यावर टाकलं. मी घेते म्हटलं तर म्हणाल्या, "तुम्ही पुढे व्हा, वाट काढा." जिने उतरून आम्ही रस्त्यावर आलो. माणसांची भिंत उभी होती. उघड्या जीपवर पाणीदादा, गळ्यात फुलं, दोन्ही बाजूंना फोन उंच धरलेले हात. लाउडस्पीकरवर त्याचाच आवाज, 'घाबरू नकोस, घाबरू नकोस.'

"बाजूला व्हा! पोरगी सिरियस आहे!" मी ओरडत होते. गर्दीने वळून पाहिलं, आणि कुणीतरी भिंगरीला ओळखलं.

"अरे, ही तर ती! व्हिडिओतली!"

"पुढे न्या, पुढे न्या! दादांकडे न्या!"

"हे घ्या, दादांचं पाणी आहे, पाजा तिला!"

बाटल्या पुढे आल्या. लोक दुष्ट नव्हते. त्यांना खरंच मदत करायची होती, हेच भयंकर होतं. प्रत्येक जण आम्हाला जीपकडे ढकलत होता, आणि हॉस्पिटल होतं उलट्या दिशेला. एका बाईने तर भिंगरीचं तोंड उघडून बाटली लावायचा प्रयत्न केला. सिस्टरनी ती बाटली हिसकावून भिरकावली.

"ती बेशुद्ध आहे! पाणी फुफ्फुसात जाईल, मरेल ती! हटा!" त्यांचा आवाज फाटला होता. "तुमच्या पाया पडते, हटा!"

मी सिस्टरना कधी कुणाच्या पाया पडताना ऐकलं नव्हतं. गर्दी जरा थबकली. तेवढ्या फटीतून पलीकडून ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर आला, जाडजूड, घामाने निथळलेला, डोक्यावर पालथं स्ट्रेचर धरून. त्याने कुणाला विनवलं नाही. समोर येईल त्याला पोटाने रेटत तो आत घुसला होता. भिंगरीला त्यावर ठेवलं, मागची बाजू मी आणि सिस्टरनी धरली, आणि तो पुन्हा तसाच रेटत निघाला. मागून जयजयकार चालूच होता.

हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाईंनी सलाइन लावलं, इन्सुलिन सुरू केलं आणि बाहेर येऊन एवढंच म्हणाल्या, "आज रात्र काढू दे. मग बघू." सिस्टर म्हणाल्या, "मी बसते." त्यांची ड्युटी इथे नव्हती. त्या बसल्या.

भाऊ आला तो कामाच्या कपड्यांतच, हाताला ग्रीस. सगळं कळल्यावर तो वहिनीवर धावून गेला. "तू आई आहेस की कोण आहेस? माझ्या पोरीला मारायला निघालीस?"

वहिनी भिंतीला टेकून उभी होती. ती रडली नाही. "तू एकदा तरी सुई टोचलीस का रे तिला?" तिने विचारलं. "एकदा? रोज ती माझ्याकडे बघते, टोचायच्या आधी. रोज म्हणते, आई, आज नको ना. रोज मी तिचा हात धरून ठेवते. तुला माहितीये का ते कसं असतं? एक माणूस म्हणाला, आता नको. मला... मला फक्त एक दिवस तिला न दुखवता झोपवायचं होतं."

भाऊ होता तिथेच खाली बसला. पाणीदादासारखा माणूस नेमका कुणाच्या दारात येतो, हे मला त्या दिवशी समजलं. तो मूर्खांना शोधत नाही, दमलेल्यांना शोधतो.

गुरुवार गेला. शुक्रवारी भिंगरीने डोळे उघडले, आणि पाण्याऐवजी आधी आईला मागितलं. दुपारी सिस्टर तिचं बोट धुवायला आल्या तेव्हा ती क्षीण आवाजात म्हणाली, "आत्या, त्या काकांनी असं धुतलंच नव्हतं."

"कुठल्या काकांनी?"

"स्टेजवरच्या. आधी नुसतं रुमालाने पुसलं. माझी बोटं चिकट झाली त्याने. मी म्हटलं, सिस्टर म्हणतात आधी हात धुवायचे. तर ते म्हणाले, गप्प बस."

मी आणि सिस्टरनी एकमेकींकडे पाहिलं. "फळं खाल्लेल्या हाताने मोजलं तरी आकडा चढतो," सिस्टर हळूच म्हणाल्या. "म्हणूनच तर मी धुवा धुवा म्हणून ओरडत असते."

सिस्टरचं मशीन घेऊन मी थेट शाळेच्या प्रयोगशाळेत गेले. ग्लुकोजची पावडर पाण्यात विरघळवली, रुमाल बुडवला, बोट पुसलं, वाळू दिलं, टोचलं. मला मधुमेह नाही. तरी मशीनने चारशेच्या पुढचा आकडा दाखवला. नळाखाली हात धुतला, पुसला, पुन्हा टोचलं. ब्याण्णव. एवढंच होतं. एवढ्यासाठी आमचं पोर मरणाच्या दारात जाऊन आलं.

रविवारी नगरपालिकेच्या सभागृहात पाणीदादाचा नागरी सत्कार होता. 'नगराचा नायक' असा सोनेरी अक्षरांचा फलक, भलामोठा चषक. आधी चमत्कार, मग सत्कार, असा कार्यक्रम. मी रोग्यांच्या रांगेत उभी राहिले. माझा नंबर आला. "आधी शुद्धी," म्हणत त्या माणसाने रुमाल पुढे केला. मी हात पुसू दिले नाहीत. रुमालच त्याच्या हातातून ओढून घेतला आणि माइकपाशी गेले.

"मी व्हिडिओतल्या मुलीची आत्या," मी म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, आभार मानायला आले. "नगराध्यक्ष साहेब, तुम्हाला साखरेचा आजार आहे?"

"छे छे! ठणठणीत आहे मी," ते हसून म्हणाले.

"मग एक बोट द्या."

शेकडो फोन त्यांच्याकडे वळलेले होते. नाही कसं म्हणणार? मी पर्समधली पाण्याची बाटली काढून त्यांचं बोट धुतलं, पाणीदादाच्याच मशीनवर मोजलं. पडद्यावर एकशे चार. मग तेच बोट पाणीदादाच्या रुमालाने पुसलं, वाळू दिलं आणि पुन्हा टोचलं. पडद्यावर चारशे सत्तर.

"अहो!" नगराध्यक्ष किंचाळले. "मला काय झालं?"

"काही नाही. तुमच्या बोटाला साखर लागली." मी बाटलीतल्या पाण्याने त्यांचं बोट पुन्हा चोळून धुतलं. "या पाण्याशी मी काहीही बोललेले नाही. आमच्या घरच्या नळाचं आहे." पुन्हा थेंब. एकशे एक.

पाणीदादाने माइक ओढला. "ही नकारात्मक लहर आहे! बाईंच्या अविश्वासाने रुमाल बिघडला!"

"मग दुसरा आण," मागून कुणीतरी ओरडलं. "चाटून दाखव!"

हशा पिकला. पाणीदादा फोनकडे तोंड करून आपल्या चाहत्यांना सांगायला लागला की बघा, सत्यावर कसा हल्ला होतोय. काही लोक त्याच्या बाजूने ओरडायला लागले. "पण आम्ही डोळ्यांनी पाहिलंय! शेवटचा आकडा तर खरा होता ना?"

"खरा होता," मी म्हणाले. "कारण त्या दिवशी सकाळी भिंगरीने इन्सुलिन घेतलं होतं, आणि त्या ट्रकड्रायव्हर काकांनी गोळी. औषधाने जे केलं होतं ते याने आधी साखरेने झाकलं, मग पाण्याने उघडं केलं, आणि श्रेय स्वतः घेतलं."

गोंधळ वाढत चालला तेव्हा वहिनी उठली. ती येईल असं मला वाटलंच नव्हतं. ती व्यासपीठावर आली, माइक हातात धरून नुसती उभी राहिली. हळूहळू लोक गप्प झाले.

"मी सुई बंद केली," ती म्हणाली. "याने सांगितलं म्हणून. माझ्या हाताने. सिस्टर सांगायला आल्या, मी त्यांच्या तोंडावर दार लावलं. त्या दुसऱ्या दिवशी परत आल्या म्हणून माझी पोर जिवंत आहे. तुमच्यातल्या कुणी बंद केली असेल तर लाजू नका. आत्ता घरी जा. आत्ता."

एक माणूस उठला. मग एक म्हातारी. मग बरेच जण, मान खाली घालून, घाईघाईने. बंदोबस्ताला असलेल्या पोलिसांनी पाणीदादाच्या माणसांकडून रुमालांची बादली ताब्यात घेतली. तो स्वतः मागच्या दाराने निघून गेला होता.

नगराध्यक्षांना चषकाचं काय करावं सुचेना. ते तो घेऊन थेट हॉस्पिटलात आले, सोबत फोटोवाला. सिस्टरनी चषकाकडे पाहिलं, फोटोवाल्याकडे पाहिलं. "हे माझ्या कपाटात मावणार नाही," त्या म्हणाल्या. "दवाखान्यातला फ्रीज सारखा बंद पडतो, त्यात इन्सुलिन खराब होतं. तो बदलून द्या. आणि मला जोडीला अजून एक नर्स द्या. तोवर हा फोटो राहू दे." आणि मला म्हणाल्या, "चला. व्हिडिओत जे जे होते ते सगळे माझेच पेशंट आहेत. दारं वाजवायची आहेत."

आम्ही दारं वाजवत फिरलो. ड्रायव्हरकाका सापडले, साखर चढलेली, पण शुद्धीवर. त्यांनी गोळ्या खिडकीतून फेकल्या होत्या. सिस्टरनी त्यांना यथेच्छ झापलं आणि नव्या दिल्या. बहुतेक सगळे वेळेत सापडले.

बेकरीवाल्या काकू नाही सापडल्या. त्या भिंगरीसारख्याच इन्सुलिनवर होत्या. दार त्यांच्या मुलाने उघडलं. "आई परवा गेली," तो म्हणाला. भिंतीवर काकूंचा फोटो होता, आणि त्याच्या शेजारी पाणीदादाचा. सिस्टरनी त्याला सगळं समजावून सांगायचा प्रयत्न केला. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तसं नाही हो. आईची श्रद्धाच कमी पडली. ती मधेच एकदा सुई घेऊया का म्हणाली होती. मीच नको म्हटलं."

सिस्टरनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आम्ही जिना उतरलो. खाली आल्यावर त्या पायरीवर बसल्या आणि तोंड झाकून रडल्या. मी शेजारी बसून राहिले.

मी हे लिहितेय ते पाणीदादासाठी नाही. तो आता दुसऱ्या गावात, दुसऱ्या नावाने असेल. त्याचे व्हिडिओ अजून फिरतायत, आणि त्यांतला आमच्या सभागृहातला, 'सत्यावर हल्ला' म्हणून त्याने दाखवलेला, सगळ्यांत जास्त पाहिला गेला. मी लिहितेय तुमच्यासाठी, जे त्या मैदानात टाळ्या वाजवत होते. कुणी चमत्कार दाखवला तर पहिल्यांदा विचारा, आधी हात धुतले होते का? आपल्या पद्धतीने, आपल्या पाण्याने तपासू द्याल का? जो खरा आहे तो तपासू देईल. जो शंकेला पाप म्हणतो त्याच्याकडे लपवण्यासारखं काहीतरी असतं. आणि औषध कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका. सोसवत नसेल, हात थकले असतील, तर ते डॉक्टरांना सांगा, नर्सला सांगा, घरच्यांना सांगा. थकणं हा गुन्हा नाही. माझ्या भावाने आता सुई टोचायला शिकून घेतलंय. वहिनी तेव्हा दुसऱ्या खोलीत जाऊन बसते.

आणि टाळ्या वाजवायच्याच असतील तर जरा आजूबाजूला बघा. तुमच्या वस्तीतही कुणीतरी असेल, चेहऱ्याने त्रासलेलं, बोलायला फटकळ, ज्याच्या तोंडावर तुम्ही दार लावलंत तरी जे उद्या पुन्हा येईल. त्याचा फोटो नको. त्याच्यासाठी रस्ता मोकळा ठेवा.